पाळीव मांजरांची दीर्घकालीन देखभाल

मालक शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी असताना त्याच्या मांजरांचा निवारा, आहार व उपचार यांची काही महिने ते काही वर्षांसाठी केलेली व्यवस्था म्हणजे दीर्घकालीन देखभाल होय.

पर्याय

मांजर माणसाप्रमाणेच जागेशीही जोडलेले असते. त्यामुळे नातेवाइकाने किंवा परिचिताने मालकाच्याच घरी राहून केलेला सांभाळ त्याला कमी तणावाचा ठरतो. मांजर दुसऱ्या घरी पाठवल्यास प्रथम एकाच खोलीत ठेवून हळूहळू उर्वरित घर खुले करतात.

आरोग्य

तणावामुळे मांजर अन्न सोडू शकते. काही दिवसांच्या उपासानेही, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. म्हणून सांभाळणाऱ्याने रोजच्या खाण्यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते. मालकाशी संपर्क न झाल्यास शस्त्रक्रियेचा वा दयामरणाचा निर्णय कोणी घ्यावा आणि खर्च कोणी करावा, हे आधीच लेखी ठरवणे हितावह असते.

नंतर परदेशी नेणे

भारतातून युरोपीय संघात मांजर नेण्यासाठी मायक्रोचिप व रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि नमुना घेतल्यापासून ३ महिन्यांची प्रतीक्षा आवश्यक असते. जपानसाठी ही प्रतीक्षा १८० दिवसांची आहे. या काळातही मायदेशी सांभाळणारी व्यक्ती लागते.

कायदा

उपासमार होण्याची शक्यता असलेल्या स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा भारतात प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.