राजवट गेली, दप्तर राहिलं

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तेव्हा माहूर आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ मध्ये ते नांदेडला जोडलं गेलं. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, १९५० मध्ये कूळकायदाही आला. पण पहाणीपत्रकात कुळाचं नाव लावायचं की नाही, हे ठरवणारी लेखणी पटवाऱ्याच्याच हाती राहिली. १९८९ नंतर पूर्व युरोपातही कम्युनिस्ट पक्ष पायउतार झाले आणि खासगीकरणात कित्येक कारखान्यांचे जुने व्यवस्थापकच मालक होऊन बसले. सत्ता सिंहासनापेक्षा नोंदवहीत जास्त मुरलेली असते, ती अशी. मग १९५२ च्या निवडणुकीने काहीच बदललं नाही का, असं कुणी विचारेल. बदललं, आणि ते थोडंथोडकं नव्हे: पटवाऱ्याविरुद्ध दाद मागायला मतांवर निवडून आलेला माणूस मिळाला. मात्र तो आमदार बहुधा पाटलाच्याच वाड्यावर उतरायचा.