चूक कोणाची, भरपाई कोणाची?

सोलापूर-पुणे महामार्गावर अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, ‘चूक कोणाची?’ हा हलगर्जीपणाचा मुद्दा. भरपाई कोणी भरायची, ते दायित्व. आणि चूक सिद्ध झाली नाही तरी दायित्व येऊ शकतं!

१९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला. पेट्रोल गळत राहिलं, लोक जमले, काही तासांनी स्फोट झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्फोटात मृत्यू झालेल्या एकाच्या वारसांचा १५,००० रुपयांचा हक्क कायम ठेवला. चूक सिद्ध न करता.

आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अशीच भरपाई मिळते: मृत्यू झाल्यास ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. जास्त हवी तर कलम १६६. तिथे मात्र हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. मार्ग एकच निवडायचा, म्हणून भरपाईच्या कागदांवर सही करण्याआधी वकिलांना विचारा.