नवतपा, टिनाचे घर आणि सिकलसेल

२५ मे उजाडला की नागपुरात नवतपा लागतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो म्हणून हे नऊ दिवस तापतात, असे पंचांग सांगते. आपण कारण पाहावे. २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी लपते. पाऊस यायचा असतो, माती कोरडी असते आणि समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. (२०२४ च्या मे अखेरीस मोबाईलवर फिरलेला ५६ अंशांचा आकडा मात्र बिघडलेल्या यंत्राचा होता. तो अजूनही पुढे पाठवणारे आहेत.)

पण नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. उन्हात तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पारा होता ३८ च्या आसपास. नागपूरकर म्हणेल, ३८ मध्ये काय होते? किनाऱ्यावरच्या हवेत बाष्प असते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. आपल्याकडे उलटे आहे. घाम इतका लवकर वाळतो की अंगातून किती पाणी गेले ते कळतच नाही. जूनच्या तोंडावर ढग येतात, कूलर लावूनही चिकचिक होते, ते दिवस खारघरसारखेच समजा. पारा दोन अंश उतरला म्हणून निर्धास्त राहू नका.

वस्तीतला खरा त्रास रात्री असतो. टिनाचे छत आणि सिमेंटची भिंत दिवसभर तापते आणि ती आग रात्री घरात सोडते. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ मिळाला नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारी माणसे कोसळतात. टिनावर चुना मारला किंवा ओली पोती टाकली तरी फरक पडतो. पंखा कोरड्या अंगावर नुसती गरम हवा मारतो. आधी ओल्या कपड्याने अंग पुसा, मग पंख्याखाली बसा.

आता आपल्या घरांतली एक गोष्ट, जिच्यावर उन्हाळ्याच्या सरकारी पत्रकांत क्वचितच एखादी ओळ असते. विदर्भात सिकलसेल आदिवासींबरोबर आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. अंगातले पाणी कमी झाले की या रुग्णांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती ठणकायला लागते. शिवाय सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. त्यामुळे पाणी कमी पडले तरी लघवी पांढरी आणि भरपूर होते. ‘लघवी पिवळी झाली तर पाणी प्या’ हा नियम म्हणूनच या रुग्णाला लागू होत नाही. त्याने तहान लागायची वाट न पाहता घड्याळ बघून पाणी प्यावे. बर्फाच्या पाण्याची आंघोळ आणि ओल्या अंगाने कूलरसमोर झोपणेही टाळावे, एकदम थंडी लागली तरी दुखणे उठते. छातीत दुखून दम लागला, ताप आला, डोळे फार पिवळे झाले तर घरी शेकत बसू नका. मेडिकल, मेयो किंवा डागा, जे जवळ असेल ते गाठा. तपासणी झाली नसेल तर लग्नाआधी सर्वांनी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

आणि बायांचे पाणी. दुपारी शौचालयाला जायला जागा नाही, म्हणून कामावरच्या कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे आळसाने होत नाही. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडला सत्याग्रह करावा लागला. आज पाणी हातात असूनही पिता येत नसेल, तर ठेकेदाराकडे शौचालय मागणे हाही पाण्याचाच हक्क मागणे आहे.

नागपूरला पेंचचे पाणी नवेगाव खैरीहून येते, काही कन्हान नदीतून. वस्तीत नळ कमी दाबाने आला की टुल्लू लावतात. टुल्लू पाणी ओढतो तशी फुटक्या पाइपातून गटाराची घाणही ओढतो. मग हगवण, कावीळ. टँकरचे पाणी ड्रममध्ये भरले तर गाळून, उकळून किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापात घालूनच प्या. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

हगवण लागली किंवा फार घाम गेला, तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर डॉक्टरांना विचारा.

ऊन लागले की कांद्याचा रस तळपायाला चोळतात. पन्हे आणि आंबील अवश्य प्यावे, पण माणूस बरळायला लागला, झटके आले, अंग भट्टीसारखे तापले तर तो उष्माघात आहे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. घाम चालू आहे म्हणून उष्माघात नाही असेही समजू नका, मजुरांना घामासकट होतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला ओले थंड कापड लावा आणि १०८ ला फोन लावा. गाडीची वाट बघताना आणि गाडीतही अंग ओले ठेवायचे. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही टाकू नका.

नव्याने बांधकामावर लागलेल्या पोराला पहिले आठ-दहा दिवस पूर्ण काम देऊ नये, शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. हे मुकादमाला सांगायला लाजू नका.

आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे, वर स्लॅब आहे, पंखे आहेत. दुपारी मात्र कुलूप असते. नवतप्यात बारा ते पाच विहार उघडे राहावे, दोन माठ भरलेले असावेत, एक चटई म्हाताऱ्यांसाठी आणि एक बाळंतिणीसाठी. चावी कुणाकडे आहे ते बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवा.