‘आई, तुम्ही बसा, मी आणते’

गेल्या वर्षी गौरीपूजनाच्या दिवशी सासूबाई नेहमीप्रमाणे पाटावर बसल्या. पूजा झाली, आरतीची वेळ झाली आणि त्यांना उठताच येईना. डावा हात जमिनीवर टेकला, उजवा गुडघा वर घेतला, पुन्हा खाली बसल्या. दुसऱ्यांदा तेच. अखेर मी आणि जाऊबाईंनी दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. जमलेल्या बायका हसल्या, सासूबाईही हसल्या. रात्री मात्र मी त्यांचे अंथरूण घालत असताना त्या हळूच म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मला खाली बसवू नका गं.”

वय सत्त्याहत्तर. मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी चालू. आदल्या वर्षीच्या गौरींना याच बाई पाटावरून उठून, पदर खोचून पुरणाच्या पोळ्या लाटायला गेल्या होत्या. मग एका वर्षात असे काय घडले?

त्या फेब्रुवारीत त्या न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवरून घसरल्या होत्या. डाव्या मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. आम्ही सगळे घाबरलो आणि घरात सेवेला जणू उधाण आले. देवघरापुढे पाटाऐवजी खुर्ची आली. जेवणाचे ताट पलंगापाशी जाऊ लागले. पाण्याचा तांब्या हाताशी, पेपर हाताशी, टीव्हीचा रिमोट हाताशी. त्या उठू लागल्या की मी स्वयंपाकघरातूनच म्हणत असे, “आई, तुम्ही बसा, मी आणते.” दिवसातून वीस वेळा तरी म्हणत असेन. मनगट एप्रिलमध्ये जुळले. हे वाक्य मात्र सप्टेंबरपर्यंत चालू राहिले. कोणी कौतुकाने “सून फार करते हो” म्हटले की मला बरेही वाटत असे.

गौरींनंतर आमच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला: “या दिवसभरात स्वतःच्या पायांवर किती वेळा उठतात?” मी मनातल्या मनात मोजू लागले. शौचालयाच्या फेऱ्या सोडल्या, तर मोजण्यासारखे काही उरतच नव्हते.

माणसाच्या शरीरातील स्नायू साधारण तिशी-चाळिशीनंतर हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ साली अमेरिकी शास्त्रज्ञ इर्विन रोझेनबर्ग यांनी या ऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. मांस आणि उणीव या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोडणी आहे. स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद अधिक वेगाने घटते. त्यामुळे आरशात दिसणारे माणूस तेच असते, वजनाचा काटाही कधीकधी तोच आकडा दाखवतो. पण खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, बसची पायरी अचानक उंच वाटू लागते. आपण याला ‘वय झाले’ म्हणतो. त्यात वयाचा वाटा असतोच, पण बसून राहण्याचा वाटाही फार मोठा असतो. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील स्नायू जवळजवळ एक किलोने घटले. आजार काही नव्हता, होती ती निव्वळ विश्रांती. हा आकडा वाचल्यावर आमच्या घरातले ते सात महिने माझ्या डोळ्यांपुढून गेले.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे आणि तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. १९९० साली बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात मारिया फायटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा वृद्धांना मांड्यांच्या स्नायूंचा, वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला. त्यातल्या एकाला तो मध्येच सोडावा लागला. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पटींवर गेली. दोघांची काठी सुटली. नव्वदीच्या स्नायूलाही काम दिले तर तो प्रतिसाद देतो, हे तेव्हापासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. ते घराघरांत पोहोचायला मात्र वेळ लागतो आहे. माझ्याकडे ते पस्तीस वर्षांनी पोहोचले.

आपल्याकडच्या जुन्या घरांत हा व्यायाम न सांगता होत असे. जेवायला पाटावर, भाजी निवडायला जमिनीवर, अंथरूण खाली, शौचालय उकिडवे बसायचे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा पूर्ण शरीराचे वजन जमिनीवरून उचलले जाई. ब्राझीलमधील डॉक्टर क्लॉदिओ गिल अराउजो यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितले, हात-गुडघा टेकण्याबद्दल गुण कापले आणि पुढची काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्यांना आधाराविना उठता येत होते त्यांच्यात त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण बरेच कमी होते. याचा अर्थ जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असा कोणी घेऊ नये. ताकद, तोल आणि लवचिकता शिल्लक असल्याची ती खूण आहे, एवढेच. आणि ‘पूर्वीचे सगळे चांगले’ असेही मला म्हणायचे नाही. गुडघे झिजलेल्या माणसाला कमोड ही मोठीच सोय आहे, आणि खुबा बदललेल्या व्यक्तीने शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय खाली बसू नये. पण सोय आली, तेव्हा तिने हिरावलेला व्यायाम दुसऱ्या कोणत्या वाटेने परत आणायला हवा होता. तो आम्ही आणला नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सासूबाईंची एक साधी चाचणी घेतली. ती घरीही करता येते. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, सुमारे १७ इंच उंचीची भक्कम खुर्ची घ्यावी. हात छातीवर आडवे ठेवावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. शेजारी कोणीतरी उभे असलेच पाहिजे. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमले, किंवा ७५ ते ७९ या वयात स्त्रीला १० पेक्षा आणि पुरुषाला ११ पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. सासूबाईंना चार वेळा जमले, चौथ्या वेळी धाप लागली.

व्यायाम म्हणून त्यांना हेच दिले. खुर्चीवर दोन घट्ट उशा ठेवून आसन उंच केले, कारण उंचावरून उठणे सोपे जाते. खुर्चीच्या पुढच्या कडेशी सरकायचे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे येईल इतके वाकायचे आणि श्वास सोडत उठायचे. श्वास रोखायचा नाही. बसताना धपकन बसायचे नाही, मनात चार अंक मोजत खाली यायचे. ‘उठण्यापेक्षा बसणेच जड जाते’ असे त्या म्हणत. खाली येताना मांडीचे स्नायू वजन पेलत पेलत लांबतात, म्हणून हे सावकाश उतरणे फार उपयोगी ठरते. सुरुवातीला पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी. तीन आठवड्यांनी एक उशी गेली, महिन्याने दुसरी. शिवाय स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि ओट्यालाच धरून एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहणे. हृदयविकार असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हाड जुळत असेल, तर हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

“पण आम्ही रोज चालतो की,” असे ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी म्हणतात. जरूर चालावे. चालण्याने हृदय, साखर, झोप, मन या साऱ्यांना लाभ होतो. मात्र सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मांड्यांवर फारसा भार येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीखेरीज, ज्येष्ठांनी तोल व ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत असे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

स्नायूंना काम दिले तर त्यांना कच्चा मालही हवा. इथे आमची दुसरी चूक सापडली. ‘वयात हलके खावे’ म्हणून सासूबाईंचा आहार सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, रात्री मऊ भात-तूप एवढाच उरला होता. उतारवयात किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे या विषयातील तज्ज्ञांचे मत आहे. पन्नास किलोच्या व्यक्तीला म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण ७ ग्रॅम. हिशेब मांडला तर त्यांच्या पोटात निम्मीही जात नव्हती. आता सकाळी मुगाचे धिरडे, दुपारी वरण घट्ट आणि वाटीभर दही, चार वाजता मूठभर भाजलेले दाणे किंवा त्यांचे कूट, रात्री भाताबरोबर मुगाची उसळ. एकादशीला साबुदाणा असतो, त्यात जवळजवळ केवळ पिष्टच. खिचडीत जे काही पोषक असते ते दाण्याच्या कुटाचे, म्हणून कूट सढळ हाताने. कवळी सैल असल्यामुळे त्या डाळी-उसळी टाळत होत्या, हे दंतवैद्यांकडे गेल्यावर कळले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

पडण्याची धास्ती अनाठायी नव्हती, हेही सांगायला हवे. न्हाणीघरातला लोखंडी दांडा, खरखरीत पायपुसणे, मागे पट्टा असलेली चप्पल, रात्रीचा मंद दिवा, हे सगळे आम्ही ठेवले आहे. रात्री लघवीला उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून, घोटे वरखाली हलवून मगच उभे राहायचे, हा नियम झाला. झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपलेले असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजलेल्या वरच्या दाबात २० किंवा खालच्या दाबात १० अंकांची घट दिसली, तर डॉक्टरांना सांगावे. रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांचा तो परिणाम असू शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि ज्येष्ठ व्यक्ती वर्षात दोनदा पडली असेल, किंवा प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर केवळ व्यायामावर न थांबता तपासणी करून घ्यावी.

या सगळ्यात मला अवघड गेले ते वेगळेच. काम परत देणे. तुळशीला पाणी, वाळलेले कपडे काढून घड्या घालणे, दाराची बेल वाजली की उघडणे, स्वतःचे ताट स्वतः वाढून घेणे, ही कामे सासूबाईंकडे परत गेली. दार उघडायला त्यांना दोन मिनिटे लागतात. बाहेर कुरिअरवाला पुन्हा बेल वाजवतो आणि माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. मी स्वयंपाकघरात लाटणे घट्ट धरून उभी राहते. त्यांच्या हातून एकदा आमटीचे पातेले कलंडले, तेव्हा ‘तुम्ही बसा’ अगदी ओठांवर आले होते. आपण सेवा करतो तेव्हा त्यात प्रेम असते, पण आपली घाईही असते; माझ्यात ती बरीच होती. ज्यांच्या घरी पूर्ण परावलंबी माणूस आहे त्यांची गोष्ट निराळी, त्यांच्या कष्टांना मी काय बोलणार? पण ज्यांचे आईवडील अजून उठू शकतात, त्यांनी एकच दिवस मोजून पाहावे, की आपण त्यांना किती वेळा उठू दिले.

सासूबाई सहजी तयार झाल्या असे नाही. पहिला महिना “या वयात कसली कवायत” असे म्हणत केला. खरी अडचण भीतीची होती. पडलेल्या माणसाला पुन्हा पडण्याची भीती वाटते, म्हणून ते कमी हलते, म्हणून अधिक अशक्त होते. ती भीती समजुतीच्या गोष्टींनी गेली नाही. ज्या दिवशी त्या उशीशिवाय, हात न टेकता उठल्या, त्या दिवशी बरीचशी ओसरली. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या नणंदेला फोन करून ते तीनदा सांगितले.

तीन महिन्यांनी चाराचे सात झाले. आता श्रावण चालू आहे आणि आकडा दहावर आहे. त्या अकरा म्हणतात. वेळ संपताना माणूस निम्म्याहून अधिक उभे झालेले असेल तर ते पूर्ण धरायचे, असा त्या चाचणीचा नियम आहे. तो फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना सांगून ठेवला आहे, आणि यावरून आमचा रोज वाद होतो.

गेल्या आठवड्यापासून जमिनीवर उतरण्याचा सराव सुरू झाला. शेजारी खुर्ची, तिच्या बैठकीवर हात, आधी एक गुडघा सतरंजीवर, मग दुसरा, मग कुशीने वळून बसायचे. उठताना तेच उलट्या क्रमाने. काल त्यांनी गौरींची तयारी काढली आणि पाट कुठे मांडायचा ते मला दाखवले, भिंतीकडेच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. “आणि उठताना माझ्या मागे कुणी उभं राहायचं नाही,” असेही बजावले. मी बरे म्हटले. जाऊबाईंशी माझे बोलणे झाले आहे. आम्ही दोघी दारात उभ्या राहू.