मेक्सिकोतले बिऱ्हाड

मेक्सिकोत राहायला जाणारी मराठी कुटुंबे बहुधा नोकरीतल्या बदलीने जातात. ग्वादालाहारा आणि केरेतारोला टाटा कन्सल्टन्सीची कार्यालये आहेत, मोंतेर्रेला इन्फोसिसचे. औषधे आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या काही भारतीय कंपन्यांचे कारखानेही त्या देशात आहेत. बदली साधारणतः दोन-तीन वर्षांची असते. अमेरिकेला गेलेल्या मुलाचा परतीचा विषय घरात जपून काढला जातो. मेक्सिकोला गेलेला मुलगा मात्र एक तर परत येतो, नाही तर तिथून पुढे सरकतो. त्यामुळे हा संसार मांडतानाच तो मोडायचा आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते.

पहिले दिवस कागदपत्रांत जातात. भारतातल्या वकिलातीने पासपोर्टवर लावलेला व्हिसा देशात शिरण्यापुरता असतो. उतरल्यावर ३० दिवसांच्या आत स्थलांतर कार्यालयात जाऊन तात्पुरत्या रहिवाशाच्या कार्डासाठी अर्ज करावा लागतो. हे कार्ड जास्तीत जास्त चार वर्षे चालते. तिथल्या अर्जावर आडनावाचे दोन रकाने असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे. मेक्सिकन माणसाला दोन्ही असतात. मराठी माणूस एकच आडनाव घेऊन येतो आणि वर मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते. कारकून ते मधले नाव कधी पहिल्या नावाला जोडतो, कधी आडनावाच्या रकान्यात ढकलतो. बँकेत एक नाव, शाळेत दुसरे, दवाखान्यात तिसरे असा घोळ तिथून सुरू होतो, म्हणून जाणकार मंडळी पहिला कागद निघताच प्रत्येक अक्षर तपासून घ्यायला सांगतात.

भाड्याचे घर मिळवायला हमीदार लागतो आणि त्याची त्याच शहरात स्वतःच्या मालकीची जागा असावी अशी घरमालकाची अपेक्षा असते. नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाला असा हमीदार कुठून मिळणार? मग कंपनी मध्ये पडते, किंवा वकिलामार्फत पैसे भरून कायदेशीर हमीची पॉलिसी घ्यावी लागते. ग्वादालाहारात बरीच भारतीय कुटुंबे ‘कोतो’त राहतात. कोतो म्हणजे भिंतीने वेढलेली, फाटकावर पहारेकरी असलेली वसाहत. ती सुरक्षित असते, मुलांना खेळायला जागा असते. पण अशा वसाहतीत राहून देशाशी ओळख होत नाही. मेक्सिकोतला दिवस गल्लीत घडतो आणि कोतोच्या भिंतीआड त्यातला थोडाच पोचतो.

गल्लीतला दिवस कानाने कळतो. कचऱ्याची गाडी आली की माणूस हातातली घंटा वाजवत पुढे चालतो. नळाचे पाणी सहसा कुणी पीत नाही. २० लिटरचे पाण्याचे जार विकणारा ओरडत जातो आणि रिकामा जार देऊन भरलेला घ्यायचा असतो. गॅसवाल्याची हाळी वेगळी. चाकू-सुऱ्यांना धार लावणारा बासरीसारखी एक सुरावट वाजवतो. जुन्या गाद्या, शेगड्या, कपडे धुण्याची यंत्रे विकत घेणारी गाडी ध्वनिमुद्रित आवाज लावून फिरते. तो आवाज एका लहान मुलीचा आहे आणि मेक्सिको सिटीत तो ओळखत नाही असा माणूस सापडणे कठीण. रात्री रताळी भाजणाऱ्याच्या गाडीची शिट्टी येते. वाफेच्या इंजिनासारखी ती कर्कश आणि लांबलचक असते. नव्याने आलेल्या घरात ती पहिल्या रात्री सगळ्यांना दचकवते आणि महिन्याभरात रताळ्यांची आठवण करून देऊ लागते.

आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी एखाद्या रस्त्यावर बाजार भरतो. त्याला तियांगीस म्हणतात. मराठी गृहिणीची सर्वांत लवकर मैत्री होते ती याच्याशी. मिरच्या, कोथिंबीर, लिंबे, चिंच, पेरू, पपई, चिकू, आंबे हे सगळे तिथे ढिगाने असते. आश्चर्य वाटते ते पालेभाज्यांचे. घोळ तिथे रोजच्या खाण्यात आहे, माठाच्या जातीच्या भाज्या आहेत, भोपळ्याची फुले जुडी बांधून विकायला येतात. राजगिऱ्याच्या वड्या तर पाहताक्षणी ओळखू येतात. लाह्या फोडून गोड पाकात थापायच्या, ही कृती इथल्यासारखीच. यात नवल नाही, कारण राजगिरा मूळचा त्याच भूभागातला. मिरची, चिकू आणि पेरू यांचेही माहेर अमेरिका खंडातच. उपासाच्या दिवशी मराठी घरात जे खाल्ले जाते त्यातले बरेचसे समुद्र ओलांडून आलेले आहे, हे मेक्सिकोच्या बाजारात उभे राहिले की कळते.

अव्होकाडो विकणारा फळ देण्याआधी विचारतो, आज खायचे की उद्या? उत्तर ऐकून तो ढिगातली दोन-चार फळे अंगठ्याने हलकेच दाबून बघतो आणि नेमके त्या दिवशी पिकणारे काढून देतो. गिऱ्हाइकाने स्वतः फळे दाबत बसलेले त्याला खपत नाही. पपईची किंवा आंब्याची फोड चाखायला पुढे केली जाते आणि ती नाकारणे बरे दिसत नाही.

स्वयंपाकघरात अडचणी वेगळ्याच निघतात. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर मात्र तिथल्या घरांतही असतो, कारण राजमा रोज शिजवायचा असतो. तूरडाळ आणि हरभऱ्याची डाळ मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. कढीपत्ता दुर्मीळ. पनीरऐवजी केसो पानेला नावाचे चीज चालते, कारण ते तव्यावर वितळत नाही. गुळाच्या जागी पिलोन्सियो येतो. भारतातून हौसेने नेलेला मिक्सर मात्र तसाच चालत नाही. तिथल्या घरांत वीज १२७ व्होल्टची असते, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मर लागतो. परतताना उलटी अडचण येते, तिथे घेतलेली यंत्रे इथे निरुपयोगी. त्यामुळे मिक्सर आणि ट्रान्सफॉर्मर यांची जोडी सहसा मेक्सिको सोडत नाही. एक कुटुंब परतले की ती पुढच्याकडे जाते.

तोर्तिया घरी करण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातून किलोवर आणण्याची पद्धत आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, मग दळतात. चुन्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते आणि पिठाला चिकटपणा येतो. भाकरी थापणारा हात हे पीठ सहज वळतो, पण चव मक्याच्या भाकरीची नसते.

शाकाहारी कुटुंबाला बाहेर खाताना जपावे लागते. राजमा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजलेला. मांस नको म्हटले की वाढणारा मान डोलावतो, पण रस्सा म्हणजे मांस असे त्याला वाटत नाही. कशात काय घातले आहे हे एकेक विचारण्यापुरते स्पॅनिश सगळ्यांत आधी शिकलेले बरे.

दिवसातले मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असते. शाळा तोवर सुटलेली असते, कचेऱ्यांतली माणसे खाणावळीत जातात. तिथे आधी सूप, मग भात, मग एखादी रस्साभाजी किंवा मांसाचा पदार्थ आणि जास्वंदीच्या जातीच्या फुलांचे किंवा फळांचे सरबत असा ठरलेला बेत मिळतो. शेजारच्या टेबलावर अनोळखी माणसे जेवत असली तरी उठून जाताना त्यांना ‘प्रोवेचो’ म्हणून जायचे असते. जेवण झाल्यावर ताट तसेच ठेवून तासभर गप्पा मारत बसणे हा जेवणाचाच भाग मानतात. घड्याळ बघणारा पाहुणा यजमानाला खटकतो. रात्रीचे खाणे हलके, कॉफी आणि गोड पाव एवढ्यावरही भागते.

मुलांची गाडी मोठ्यांच्या आधी रुळावर येते. सोमवारी सकाळी शाळेत झेंडावंदन होते, गुण दहापैकी मिळतात आणि सहाला पास. ३० एप्रिलला बालदिन, १० मे रोजी मातृदिन आणि १५ मे रोजी शिक्षकदिन. हे दोन-तीन आठवडे अभ्यासाचे नसतातच. वाढदिवसाचे बोलावणे चारचे असेल तर पाचला जावे. चारला पोचलेल्या भारतीय कुटुंबाला यजमानीण ओल्या केसांनी दार उघडते. गोळ्यांनी भरून टांगलेली पिन्याता फोडून गोळ्या वेचून झाल्या की केक कापतात. मग वाढदिवसाच्या मुलाने हात न लावता केकचा पहिला घास तोंडाने घ्यायचा आणि त्याच क्षणी मागून कुणीतरी त्याचे डोके केकमध्ये दाबायचे, अशी रीत आहे. मराठी आजी हे व्हिडिओवर पाहून हळहळतात, केक वाया गेला म्हणून.

भारतातली वेळ मेक्सिको सिटीच्या साडेअकरा तास पुढे असते. २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केल्यापासून हा फरक वर्षभर एकच राहतो. तिथे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. नातवंडे झोपायला निघालेली आणि आजोबा चहा घेत बसलेले, या एका तासावर दोन घरांचे बोलणे चालते.

सणांत सोय होते ती झेंडूची. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे मृतांचे दिवस पाळतात, त्यासाठी ऑक्टोबरपासून बाजार झेंडूने पिवळेधमक होतात. दसरा-दिवाळीही त्याच सुमारास. दाराला तोरण लावले की शेजारी विचारतात, तुमचे कोण गेले? कारण तिथे ही फुले गेलेल्या माणसांना घराची वाट दाखवण्यासाठी मांडतात. १६ ते २४ डिसेंबर पोसादांच्या, म्हणजे नाताळाआधीच्या मेजवान्यांच्या रात्री. ६ जानेवारीला कड्याच्या आकाराचा गोड पाव कापतात, त्यात छोट्या बाहुल्या दडवलेल्या असतात. ज्याच्या फोडीत बाहुली निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल खाऊ घालायचे. ही जबाबदारी परदेशी म्हणून कुणाला माफ होत नाही.

१९ सप्टेंबरला देशभर भूकंपाची कवायत होते. १९८५ आणि २०१७ चे मोठे भूकंप याच तारखेचे आणि २०२२ मध्ये तर कवायत आटोपल्यावर तासाभरात खराच भूकंप झाला. राजधानीत रस्तोरस्ती लावलेले भोंगे धक्क्याच्या काही सेकंद आधी वाजतात. जिना गाठायला ते पुरतात, वस्तू गोळा करायला नाही, म्हणून पासपोर्टची पिशवी दाराशी टांगलेली असते.

बदली संपल्याचे पत्र आले की आवराआवर सुरू होते. विजेचे बिल दोन महिन्यांनी येते, तेव्हा शेवटचे बिल कोण भरणार यावरून अनामत अडकते. घरकामाला येणाऱ्या बाईंना २०१९ च्या कायद्याने इतर कामगारांसारखे बरेच हक्क दिले आहेत. वर्षाखेरीचा बोनस २० डिसेंबरच्या आत द्यायचा असतो आणि मध्येच काम संपले तर त्याचा त्या दिवसापर्यंतचा हिस्सा हिशेबात धरावा लागतो. तो हिशेब कागदावर करणे चांगले, जुने कपडे देऊन तो फिटत नाही. शाळेचा दाखला अपोस्टिल करून, मग भाषांतर करून घ्यावा लागतो. मूल मेक्सिकोत जन्मलेले असेल तर ते जन्मानेच मेक्सिकन नागरिक असते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून जन्मानंतर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करून भारतीय पासपोर्ट घ्यायचा, की मेक्सिकन पासपोर्टवर ओसीआय कार्ड काढायचे, हे आईबापांना बाळाच्या पाळण्याशीच ठरवावे लागते.

निरोपाच्या मेजवानीला देस्पेदिदा म्हणतात आणि ती एक नसते. कचेरीची वेगळी, शाळेतल्या पालकांची वेगळी, गल्लीची वेगळी, भारतीय मंडळींची वेगळी. गल्लीची सर्वांत लांबते. प्रत्येक घर एक पदार्थ आणते. जाणाऱ्यांनीही काही करावे अशी अपेक्षा असते आणि बटाटेवडे तिथल्या हिरव्या साल्साबरोबर छान खपतात. कुणी मारियाची वादक बोलावले तर ‘लास गोलोन्द्रिनास’ होतेच. नार्सिसो सेर्रादेल यांनी १८६२ मध्ये रचलेले हे पाकोळ्यांचे गाणे मेक्सिकोत निरोपाला वाजते, मग माणूस गाव सोडत असो की जग. ते सुरू झाले की रडणे रीतीचे समजतात, पुरुषांनाही त्यात सूट नाही.

मग खरा निरोप. खोलीतल्या सगळ्यांना मिळून एकदाच हात हलवून निघणे उद्धटपणाचे समजतात. प्रत्येकाजवळ जाऊन मिठी, गालाला गाल, दोन वाक्ये. वीस माणसे असतील तर वीस वेळा. दारात पुन्हा गप्पा निघतात, गाडीपाशी पुन्हा. निघतो म्हटल्यापासून तास सहज जातो. भारतीय कुटुंबाला हे अवघड वाटू नये, उंबऱ्यावर उभ्याने बोलण्याची सवय आपल्याकडेही आहे. फरक इतकाच की मेक्सिकन माणूस ‘परत कधी येणार’ असे विचारतो आणि त्याला तारीख हवी असते.

मुलांसाठी हे जाणे परतणे नसतेच. जे मूल तिथेच बोलायला शिकले त्याच्या लेखी पुणे किंवा नाशिक म्हणजे सुटीत पाहिलेले गाव. याचे जुने उदाहरण पांडुरंग खानखोजे यांच्या घरचे आहे. गदर चळवळीतले हे वर्ध्याकडचे क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रांत त्यांना रंगवले आहे. १९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. सावित्री आणि माया या दोन्ही मुली मेक्सिकोतल्या. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, हे कुटुंब नागपूरला आले. खानखोजे चार दशकांहून अधिक काळाने मायदेशी परतत होते. त्यांच्या पत्नीला आणि मुलींना मात्र नागपूर हाच परदेश होता, तिथला उन्हाळा, भाषा आणि नातेवाईक सगळेच नव्याने शिकायचे होते. खानखोजे १९६७ मध्ये नागपुरात वारले. पुढे मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले.