उसवणंही शिकायला हवं

मैत्रिणींनो, पाचगणीच्या आकाशात पॅराग्लायडिंगची रंगीत कापडं आपण नेहमी बघतो. कापडाच्या आधाराने माणूस उडतो, याचं आपल्याला नवल नाही. पण विमानंही एके काळी कापडाची होती, बरं का! १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून जुहूला उतरवलेलं 'पस मॉथ' तसंच. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी त्याच मार्गावर 'लेपर्ड मॉथ' चालवलं. त्याचेही पंख कापडाचेच.

हे कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं. हो, ज्याची आपण चटणी करतो तेच जवस! पंखातल्या लाकडी फासळ्यांना ते मेणाच्या दोऱ्याने शिवायचं, वर पट्ट्या चिकटवायच्या आणि 'डोप' नावाचा लेप द्यायचा. लेप वाळला की कापड ढोलकीसारखं ताणतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत हे काम हजारो बायकांनी केलं. त्यांच्या टाक्यांवर कुणाचा तरी जीव तोललेला असे.

असं जुनं विमान पुन्हा उडवायचं तर आधी ते सोडवावं लागतं, आणि खरी परीक्षा इथेच. प्रत्येक तारेला, बोल्टला चिठ्ठी लावायची, फोटो काढायचे. पंख उतरवताना चार माणसांनी नीट धरायचा. कापड ओरबाडायचं नाही. दोन टाक्यांतलं अंतर मोजायचं, मग फासळीला धक्का न लावता कापायचं. जुनं कापड टाकायचं तर नाहीच. पाणी निथळायची भोकं, तपासणीच्या खिडक्या कुठे होत्या, हे तेच सांगतं. शिवाय जुना लेप झटकन पेट घेतो, त्यामुळे जवळ ठिणगी नको.

एवढा खटाटोप कशाला? तर वरून चकचकीत दिसणाऱ्या कापडाखाली नळ्या गंजलेल्या असतात, लाकूड कुजलेलं असतं. पूर्वी लाकूड जोडायला दुधापासून केलेला केसिनचा गोंद वापरत. तो दमट हवेत बुरशीने सुटतो. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको! नुसतं वरून रंगवून असं विमान उडवणं म्हणजे जिवाशी खेळ.

माझ्या शिवणवर्गातल्या मुलींना उसवायचा भारी कंटाळा. मी म्हणते, अगं, शिवण कशी बसवली होती ते उसवतानाच कळतं.

आता बरेच जण लिननऐवजी पॉलिएस्टर लावतात. ते ताणायला तर चक्क इस्त्री फिरवतात, तीही किती गरम हवी ते थर्मामीटरने मोजून!