कामोंइश, वीरगळ आणि एक राजांगण

लुईश द कामोंइश या पोर्तुगीज महाकवीचा कांस्यपुतळा जुन्या गोव्याच्या चौकात उभा राहिला १९६० साली. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. १९८३ साली पुतळा चौकातून काढून तिथल्याच पुरातत्त्व संग्रहालयात नेण्यात आला. म्हणजे चौकातली त्याची वस्ती जेमतेम तेवीस वर्षांची. संग्रहालयातली चाळिशी ओलांडून गेली. हातात १५७२ सालच्या महाकाव्याची गुंडाळी धरलेला हा कवी पाहणाऱ्याला चारशे वर्षांपूर्वीचा वाटतो, पण पेडण्यातल्या चोपड्याच्या देवळाबाहेर संध्याकाळी बसणारी कितीतरी माणसं या पुतळ्याहून वयाने मोठी असतील. त्याच छपराखाली कदंबांच्या काळातले वीरगळ आहेत, विष्णूच्या मूर्ती आहेत, सतीशिळा आहेत. प्राचीन एकीकडे आणि अर्वाचीन दुसरीकडे अशी सोयीची वाटणी इथे करता येते, आणि येणारे बहुतेक ती करतातच. माझ्या मते ती चुकते. इथल्या दगडाला आणि कांस्याला एकत्र आणलं ते वयाने नाही, जागा सुटण्याने.

संग्रहालय आहे ते फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या जुन्या मठात. १९६४ साली ते इथे सुरू झालं. शेजारचं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च मूळ १५२१ चं. १६६१ साली ते नव्याने बांधलं, पण जुन्यातलं दार तेवढं जपून नव्या दर्शनी भिंतीत बसवलं. काळसर दगडाच्या या दारावर नाविकांचा गोल कोरलेला आहे, समुद्रावर राज्य करायला निघालेल्यांची ती खूण. मठाच्या आत मधोमध मोकळं अंगण आणि चारही बाजूंनी कमानींची ओवरी. ही रचना युरोपातली म्हणून ओळखली जाते, पण पेडण्या-डिचोलीच्या माणसाला तिच्यात परकं काही वाटू नये. आपल्या जुन्या घरांतलं राजांगण असंच असतं: मध्ये आभाळ, भोवती पडवी, आणि पडवीतून फिरणाऱ्याला समोरची बाजू सतत दिसत राहते. मूर्ती पाहायला याहून चांगली जागा नाही. बंद दालनात दिव्याचा उजेड एका बाजूने ठरलेला असतो. ओवरीत तो सकाळी एकीकडून आणि दुपारी दुसरीकडून येतो, आणि उथळ कोरीवकाम तिरप्या उजेडातच बोलतं.

वीरगळ त्या उजेडातच वाचावा लागतो, आणि तोही खालून वर. तळच्या चौकटीत लढाई असते, मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा नेत असतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर सूर्यचंद्र: ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. देशावरच्या वीरगळात तळाला घोडेस्वार किंवा गाई वळवणारे चोर सापडतील. गोव्यातल्या काही वीरगळांवर तिथे जहाज आहे, वल्ही मारणारे ओळीने बसलेले आहेत, आणि मरण पाण्यावर आलेलं आहे. गोपकपट्टणाच्या कदंबांचं आरमार होतं हे शिलालेखांतून कळतंच, पण वल्ह्यांची ती तिरकी रांग पाहिल्यावर ते पटतं. दारावरचा नाविकांचा गोल आणि ओवरीतलं हे जहाज यांच्यात शे-दोनशे पावलांचं अंतर असेल. समुद्र पोर्तुगिजांनी गोव्यात आणला नाही, एवढं ठरवायला ती पावलं पुरतात. सतीशिळा त्या मानाने अबोल. एका खांबातून कोपरात वाकलेला हात बाहेर आलेला, तळवा उभा, मनगटावर चुडा. बाईचा चेहरा नाही, नाव नाही. शिल्पकाराने कोरायला घेतल्या त्या फक्त बांगड्या.

आता हे दगड आपल्या जागेवरून का सुटले? १५४० च्या सुमारास तिसवाडीतली आणि १५६० च्या दशकात बारदेस-साष्टीतली देवळं पाडली गेली. ज्या देवाला उचलून नेणारे महाजन होते तो नदीपलीकडे गेला. कदंब राजे ज्याचा वरप्रसाद नाण्यांवर मिरवत, तो दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. वीरगळाला मात्र महाजन नसतो. देऊळ गेलं, वीराचं घराणं विसरलं, की उरतो तो नुसता धोंडा. कांस्यपुतळ्यांचंही वेगळं काय झालं? २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकेर्क एकेकाळी पणजीत पुतळारूपाने उभा होता. उभं करणारं राज्य गेलं, तसा तोही इथे आला. वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तैलचित्रं रांगेने लावलेली आहेत. जुआंव द काश्त्रू याने १५४७ साली सुरू केलेली ही परंपरा, आणि तिची रांग कंटाळवाणी आहे हे मोकळेपणाने म्हणायला हवं. पण राजवाड्यात त्या चित्रांचा दरारा होता. इथे आलेली शाळकरी मुलं त्यांच्या मिशांना हसतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ज्यांनी देवळं पाडली त्यांचे पुतळे आपल्या देवांच्या शेजारी कशाला? हलवा ते, किंवा वितळवा. या रागाला कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मान असतो तो चौथऱ्याला, चौकाला, वर्षातून एकदा पडणाऱ्या हाराला. जमिनीवर आणून नोंदवहीतला क्रमांक दिला की पुतळ्याचा पुरावा होतो. मुंबईने हे करून पाहिलं आहे. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड १९६५ साली भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात गेला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आणि चौकांतून उतरवलेले साहेब एकाच हद्दीत आहेत. त्यामुळे मुंबईत कोणी साहेबाला मुजरा करू लागल्याचं ऐकिवात नाही. उलट आल्बुकेर्क गोदामात टाकला, तर शेजारचा भंगलेला विष्णू का भंगला हा प्रश्नच कोणाला पडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो पेडण्यातूनच यावा असा आहे. इकडे असे पाषाण वडाखाली, घुमटीत, देवराईत अजून जागेवर आहेत. त्यांना फूल पडतं, सणाला तेल लागतं. मग संग्रहालयातले दगडही आपापल्या गावी का जाऊ नयेत? इथे इतिहासाचा हिशेब पाहावा लागतो. पेडणे पोर्तुगिजांकडे आलं ते सावंतवाडीच्या भोसल्यांकडून, १७८८ साली. तोवर देवळं पाडण्याची धमक आणि धोरण दोन्ही सरलं होतं. म्हणून पेडण्याच्या भगवतीच्या दारातले दोन दगडी हत्ती आजही तिच्याच दारात आहेत. तिसवाडीतल्या दगडाला परत जायला तसं दार उरलेलं नाही. त्याला गावी पाठवणं म्हणजे रस्त्याकडेला सोडणं. पण हाच मुद्दा उलटही लागू होतो, आणि तिथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. ज्या पाषाणाला अजून राखण आहे, तो सुरक्षिततेच्या नावाखाली उचलून काचेआड नेऊ नये. त्याचं छायाचित्र, मापं, जागेचं वर्णन गावात लिहून ठेवावं, आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्याच्यावर ऑइलपेंट चढणार नाही एवढं पाहावं. नव्या फरश्या आणि चकचकीत रंग यांनी गेल्या काही दशकांत जुन्या कोरीवकामावर जे केलं आहे, त्याला कुठल्याही व्हाइसरॉयाचा हुकूम लागला नव्हता.

शिवोलीचा पूल झाल्यापासून चोपड्याहून म्हापसा, पणजी करत जुन्या गोव्याला सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येतं. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. पर्यटकांची रांग बाँ जेझू चर्चच्या दाराशी असते, इथे नसते. ओवरीत जहाजाच्या वीरगळापाशी उकिडवं बसून पाहिलं तर तळच्या चौकटीतली वल्ही एकेक मोजता येतात.